अंगठ्याची जागा

ज्वारी निसवायला लागली, कणसं बाहेर डोकवायला लागली, की आमच्या शिवाराचा वास बदलतो. ओल्या पानांचा, थोडा दुधाळ, थोडा गोडूस. पहाटे दार उघडलं की आधी तो नाकाशी येतो आणि त्याच्या मागून थंडी घरात शिरते. यंदाही आला. मी चहाचा कप घेऊन अंगणात उभी होते आणि गल्लीच्या वळणावरून आवाज आला, खर्रर्र. मग क्षणभर काहीच नाही. मग चाकांची नुसती सरसर. तात्या शेतात निघाले होते आणि पुढच्या चढाची तयारी म्हणून सायकलचा गिअर त्यांनी वळणावरच टाकून घेतला होता. मी तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिले. चहा गार झाला आणि मागचं वर्ष सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तात्या म्हणजे आमचे हे. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात एकदा घेतलं की पुन्हा फारशी गरज पडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर मुलांची नावं मोठ्यानं पुकारली, घरी मात्र 'अवो' एवढ्यावर संसार निघाला. गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून इथं मीही तात्याच म्हणते. तोंडावर अजूनही म्हणत नाही.

आमचं गाव घाटनांदूरच्या जवळचं. शेत गावापासून लांब, माळाच्या चढापलीकडे. चढ तसा फार मोठा नाही, पण खोडसाळ आहे. संपला संपला वाटतो आणि बाभळीच्या वळणानंतर पुन्हा सुरू होतो. तात्यांनी तो आयुष्यभर काळ्या सायकलवरून काढला. पायडलवर उभं राहायचं, मागं वळलेलं ते हँडल दोन्ही हातांनी छातीशी ओढायचं आणि दात-ओठ खाऊन वर जायचं. वर पोचल्यावर मागं वळून खाली राहिलेल्या तरण्या पोरांना हसायचं, हा त्यांचा नेम.

मागच्या वर्षी श्रावणात ते कडब्याच्या गंजीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड सांधलं, पण हातात पहिला जोर आला नाही. पाण्याचा तांब्या उचलताना बोटं थरथरायची. मनगट तर फिरायलाच तयार नव्हतं. तात्या ओट्यावर बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे, पेपर उलटासुलटा वाचायचे, आणि दुपारी माझ्या स्वयंपाकात लक्ष घालायचे. नवऱ्यानं फोडणीत लक्ष घालायला सुरुवात केली की समजावं, घराला ग्रहण लागलंय.

चालत जायचं तर त्यांचे गुडघे कुरकुरतात. सायकलवर तेच गुडघे गप्प बसतात, हे एक आश्चर्यच आहे. फटफटी त्यांनी कधी शिकली नाही. कुणाच्या मागं बसून जायचं तर म्हणत, "सोताच्या शेतात पाव्हन्यावानी जाऊ व्हय?" कपिली आणि चांदी या दोन्ही गाई शेतातल्या गोठ्यावर. धार मी काढायची आणि वैरण-पाणी त्यांनी बघायचं, ही आमची जुनी वाटणी. आता दोन्ही माझ्यावर आलं होतं आणि माझंही वय काही शाळेत जायचं राहिलेलं नव्हतं.

पुण्याहून विनोदचा, आमच्या मुलाचा, फोन आला. म्हणाला, "आई, गाई विका आणि इकडं या दोघं." तात्यांनी फोन माझ्या हातून घेतला. म्हणाले, "येळवसपस्तोर थांब. तवर माझा मी शेतात जायाला लागलो तर गाया ऱ्हातेत. न्हाई जमलं तर इकू." गाईंचा व्यापारी ओळखीचा होता. त्यालाही तोच निरोप गेला, येळवस झाली की ये.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. लातूरकडं आणि आमच्या अंबाजोगाईच्या भागात त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी आणि ताकातली लसूण घातलेली आंबील असा नैवेद्य दाखवायचा. आंबील मातीच्या बिंदग्यात भरून घरातला कर्ता माणूस डोक्यावरून शेतात नेतो. आमच्या घरात आणखी एक रीत आहे. आंबील घरातून निघाली की शेतात कोपीपुढंच टेकायची, वाटेत खाली ठेवायची नाही. का, ते सासूबाईंनाही माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कावून म्हंजे? ठिवायची न्हाई, बास." रीतीला याहून चांगलं कारण मी अजून ऐकलेलं नाही.

काळी सायकल हँडल ओढल्याशिवाय चढ चढेना आणि उजव्या हातात ओढायचा जोर नव्हता, म्हणून विनोदनं आपली वापरात नसलेली गिअरची सायकल टेंपोत घालून पाठवली. चांगली सायकल, पण तिचं हँडल सरळ, दांडक्यासारखं. त्यावर बसलं की माणूस पुढं वाकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. तात्या अंगणात एक चक्कर मारून उतरले, उजवा हात पोटाशी धरून. "ही सायकल हाय का शिक्षा हाय?" म्हणाले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

मग मी ती सायकल घेऊन घाटनांदूरला रशीदभाईंकडे गेले. रशीदभाईंचं सायकलचं दुकान बाजारात आहे. माणूस मोठ्या दिलाचा, पण सल्ला असा देतो की जणू सायकल त्यांच्याच आजोबांनी शोधून काढली. ते म्हणाले, "बाई, हँडल बदलू. मागं वळलेलं लावू. हात अंगाजवळ येतेत, पाठ ताठ ऱ्हाती, मनगटाला आराम." इथपर्यंत ते अगदी बरोबर होते. काळ्या सायकलचं हँडल बसेना, कारण तिचे ब्रेक सळईचे आणि हिचे वायरचे. तेव्हा त्यांनी लेडीज सायकलचं हँडल काढलं. मागं छान वळलेलं, चकचकीत.

तात्यांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "बायकांच्या सायकलचं हँडल? गाव काय म्हनंल?"

मी म्हणाले, "असलंच हँडल धरून मी उभी नोकरी केली. गाव तवा बी काय म्हनलं न्हाई. अन् म्हनलंच तर ओट्यावर बसलेल्याला जास्त म्हनतंय."

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. ते उठून हँडलला हात लावायला आले.

हँडल बसलं आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. गिअरचे खटके कुठं लावायचे? मला वाटलं होतं, जिथले काढले तिथं लावले की झालं. पण सरळ दांडीवर जे मुकाट बसतं ते वळलेल्या दांडीवर बसत नाही. विनोदच्या सायकलला मुठीच्या खालून दाबायचे खटके होते. ते या हँडलला लावले तर त्यांची तोंडं आतल्या बाजूला, थेट गुडघ्यांकडं आली. तात्यांनी वळण घेतलं की गुडघा खटक्याला लागायचा, गिअर आपोआप पडायचा आणि वर शिवी माझ्या माहेराला.

रशीदभाई म्हणाले, "फिकर नको. मूठ पिळायचा गिअर लावू. फटफटीवानी." तो लावला. पण वळलेल्या हँडलला सरळ जागा थोडीच असते, त्यात ही पिळायची मूठ एवढी लांब की तात्यांची करंगळी बाहेरच लटकायची. शिवाय उजवं मनगट फिरत नाही म्हणून तर हे सगळं चाललेलं! डाव्या हाताला लावून पाहिली. सपाटीवर ठीक चाललं. गल्लीतला जरासा चढ लागला की तात्या सवयीनं हँडल ओढायचे, ओढता ओढता मूठ पिळली जायची आणि नेमका जड गिअर पडायचा. मग तो खटका मध्यभागी, हँडलच्या दांड्यापाशी लावून पाहिला. तिथं हात न्यायचा तर डावा हात सोडावा लागे, आणि एकट्या उजव्या हातावर सायकल बैल उधळल्यासारखी कुठंही जाई. एकदा ती शेजारच्यांच्या शेणकुटांच्या ढिगात गेली. शेजारीण हसली नाही, हे तिचे उपकार.

मार्गशीर्ष लागला. हरभऱ्याला घाटे धरत होते. रानात गेलं की घाट्यांची आंब बोटांना लागायची आणि घरी येईपर्यंत चाटावीशी वाटायची. मी एकटीच जात होते. कपिली माझ्या मागं कोण येतंय ते बघायची, मग तोंड वैरणीत घालायची.

एका सकाळी मी तात्यांना म्हटलं, "रशीदभाईंचं ऐकून झालं, इनोदचं झालं. आता तुमच्या हाताला इचारू." सायकल भिंतीला टेकवली, त्यांना वर बसवलं. देवघरातून कुंकवाची कुयरी आणली, तेलाच्या थेंबात कुंकू कालवलं आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याला लावलं.

"हे काय? माझं लगीन लावायलीस का?"

"एक लावलं ते पुरं झालं. डोळे मिटा. चढाला लागलाव असं समजा. अन् अंगठा जिथं जाईल तिथं जाऊ द्या."

त्यांनी डोळे मिटले. मी खरंच पाहिलं, चेहरा बदलला त्यांचा. जबडा आवळला, खांदे पुढं आले. अंगणातल्या भिंतीला टेकलेल्या सायकलवर बसून ते माळ चढत होते. अंगठा मुठीवरून थोडा सरकला आणि हँडलच्या आतल्या अंगाला, वळणाच्या जरा अलीकडं टेकला. तिथं लाल ठसा उमटला. रशीदभाईंनी धरलेल्या सगळ्या जागांपासून तो लांब होता.

मला त्या वेळी एकदम भरून आलं. काही कारण नव्हतं. नुसता एक कुंकवाचा ठसा होता.

रशीदभाई मात्र ऐकायला तयार नव्हते. "बाई, डाव्याला एकदा लावून बघितलं की. मागचा गिअर उजव्या हातालाच अस्तो. कंपनीचा कायदा हाय."

"कंपनीचा हात मोडलेला न्हाई," मी म्हणाले. "लावा डाव्या हाताला."

त्यांनी कपाळाला हात लावला, मला ऐकू जाईल असं पुटपुटले आणि भंगारातल्या एका सायकलचा जुना खटका शोधून काढला. वरून अंगठ्यानं ढकलायचा, साधा, टिकटिक न करणारा. किती ढकलायचा ते कानानं ठरवायचं. चेन खरखरते, थोडं पुढं-मागं करायचं, गप्प झाली की गिअर बसला. नव्या सायकलवाल्यांना हे मागासलेलं वाटेल, पण तात्यांनी जन्मभर इंजिनाचा आणि बैलांच्या श्वासाचा आवाज ऐकून कामं केली आहेत. त्यांना हे लगेच जमलं. पुढच्या चक्रांचा खटका काढूनच टाकला आणि चेन कायमची लहान चक्रावर ठेवली, कारण आम्हाला शर्यत कुठं लावायची होती? ब्रेकची मूठ जरा पुढं सरकवून ठशाच्या जागेवर खटका बसवला. घरी येताना मारुतीच्या पारापाशी वळण घेतलं तर हात न लावता गिअर पडला. वायर आखूड होती, हँडल वळलं की ती ताणायची. परत गेलो. रशीदभाईंनी लांब वायर घातली, तिला पुढं सैल वेढा दिला, आणि "ह्ये मी आधीच सांगितलंतं" असं बिनदिक्कत म्हणाले.

मग तात्या रोज थोडं लांब जायला लागले. पारापर्यंत, ओढ्यापर्यंत, चढाच्या पायथ्यापर्यंत. तिथून ते परत फिरायचे. वर का जात नाहीत, हे मी विचारलं नाही. दोनदा जीभ चावली, पण विचारलं नाही.

येळवस आली. पहाटेपासून घरात भज्जीचा वास भरला होता. मी बिंदगं आंबिलीनं भरलं, त्याच्या गळ्याशी हिरवी ज्वारीची पानं बांधली. उजव्या हाताला धरवत नव्हतं, त्यामुळं रीतीप्रमाणं ते डोक्यावर घेणं शक्य नव्हतं. तात्यांनी बिंदगं शिंक्यात घालून हँडलच्या डाव्या वळणाला अडकवलं. बऱ्या हाताकडं भार, हे शहाणपणाचंच होतं. मी टोपल्यात बाकीचं सामान घेतलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर टोपलं, आणि आम्ही निघालो. ते पुढं सायकलवर, मी मागं पायी. ओढ्यापाशी ते माझ्या नजरेआड झाले.

आता ते चढाला लागले असतील, असं धरून मी आवाजाची वाट पाहत होते. खर्रर्र आलं. मग गप्प. मग पुन्हा एकदम खर्रर्र आणि खाडकन काहीतरी. मी पाय उचलले. टोपलं डोक्यावर नाचत होतं.

चढाच्या सुरुवातीलाच तात्या उभे होते. एक पाय जमिनीवर, डाव्या हातात हँडल आणि बिंदगं दोन्ही सावरलेलं, उजवा हात नुसता सीटवर ठेवलेला. हँडल मागं वळलेलं आणि खाली उतरतं. चढाला धक्का बसला तसं शिंकं घसरत मागं आलं, खटक्यावर बसलं आणि जड गिअर पडला. आम्ही गुडघा बघितला, करंगळी बघितली, वायर बघितली. सगळ्या चाचण्या रिकाम्या सायकलवर. ज्या आंबिलीसाठी एवढा खटाटोप, ती टांगून एकदाही पाहिली नव्हती!

बिंदगं खाली ठेवता येत नव्हतं. ते धरून सायकल ढकलता येत नव्हती. तात्यांचा चेहरा मी असा फार थोड्या वेळा पाहिला आहे.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लाव इनोदला फोन. गाया इकू म्हनाव."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या शिंक्याचा, रशीदभाईंचा, पुण्याचा, सगळ्यांचा. मी टोपलं खाली ठेवलं. माझ्या टोपल्याला कसली रीत नव्हती. चुंबळ सोडली. जुन्या लुगड्याची पट्टी होती ती. "बिंदगं उचलून धरा," म्हटलं, आणि खटक्याच्या पुढं, हँडलच्या वळणावर ती पट्टी गच्च गुंडाळून वर मोठी गाठ मारली. शिंकं त्या गाठीच्या पलीकडं अडकवलं. ओढून पाहिलं, सरकेना. मग कॅरिअरला धरून मागचं चाक उचललं, दुसऱ्या हातानं पायडल फिरवलं. "ढकला खटका."

त्यांनी अंगठा टेकवला. चेन खरखरली आणि गप्प झाली.

"फोन मी लावनार न्हाई," मी म्हणाले. "लावायचा तर तुमीच लावा, वर जाऊन. खाली रेंज न्हाई."

त्यांनीही शिंकं एकदा ओढून पाहिलं. मग हसले, अगदी थोडं. सायकल मागं जरा सपाटीला घेतली, बसले आणि निघाले. हळू, फार हळू. शेळीसुद्धा पुढं गेली असती. पाठ ताठ, हात अंगाजवळ, बिंदगं डाव्या बाजूला डुलत होतं पण सरकत नव्हतं. बाभळीच्या वळणावर पुन्हा एक खर्रर्र आलं, आणखी हलका गिअर. मी मोकळ्या डोक्यावर टोपलं घेऊन उभी होते, कडा टोचत होत्या आणि मी मोठमोठ्यानं रडत होते. आजूबाजूला बायका शेताला चालल्या होत्या. एकीनं विचारलं, "बाई, काय झालं वो?" मी म्हटलं, "काई न्हाई, चुंबळ विसरली."

मी वर पोचले तेव्हा आंबील कोपीपुढं टेकलेली होती आणि तात्या गोठ्याशी होते. कपिली त्यांचा उजवा हात चाटत होती. फोन त्यांनी केलेला नव्हता.

पुढं हुरडा आला. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, तोंडानं फुंकून कोंडा उडवायचा. तात्या कणसं डाव्या हातानं चोळायचे आणि पहिली मूठ मला द्यायचे. लसणाच्या चटणीचा झणझणीतपणा आणि मागं गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. एवढं सुख मला पुण्यात कुणी ताटात वाढून दिलं नसतं.

त्याच दिवसांत ठरल्याप्रमाणे व्यापारी आला. मी चहा केला. त्यानं ओट्यावर बसून वाट पाहिली, तात्यांच्याच जागेवर. ते नव्हते. तो पुन्हा एकदा आला, तेव्हाही नव्हते. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, इकायच्या म्हनतेत अन् मानूस घरी घावत न्हाई. गायांचं बोलावं कुनापाशी?"

"शेतात गेलेत," मी सांगितलं.

"येतेल कवा?"

"काय सांगावं. ओट्यावर काई त्यायचं मन लागत न्हाई आता."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

हँडलवरचा कुंकवाचा ठसा केव्हाच गेला. लुगड्याची पट्टी आहे, उन्हानं विटलेली. पोरं तिला तात्यांच्या सायकलची साडी म्हणतात आणि तात्या त्यांच्यावर खोटंखोटं धावून जातात. विनोद दिवाळीत आला तेव्हा ती काढून चांगली रबरी पट्टी लावतो म्हणाला. तात्यांनी त्याला हात लावू दिला नाही.

गार चहा मी तुळशीत ओतला आणि धारेचं भांडं घेतलं. मलाही निघायचं होतं, उशीर झाला तर कपिली पान्हा चोरते. दिवाळीनंतर व्याली ती. गोठ्यात यंदा एक दावं वाढलं आहे.